वीज कुणाकडून आणि कशी घ्यायची, यातलं आपल्या हातात किती? (घर + लहान धंदा, महाराष्ट्र)

कांडपवाली

मंडळी, वीजबिलावर इथे रडारड भरपूर झालेली आहे. त्यामुळे मी रडत नाही, सरळ विचारते.

सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं दुमजली घर आहे. खाली पिठाची गिरणी आणि मिरची कांडप, वर आम्ही राहतो. गिरणीला थ्री फेज, घराला सिंगल फेज, दोन्हीचे मीटर वेगळे. फेब्रुवारी ते मे मिरची-मसाल्याचा हंगाम असतो, तेव्हा खालचं बिल दुपटीच्या वर जातं. घराचं ३०० युनिटच्या आसपास घुटमळतं.

सध्या मला तीन सल्ले मिळालेत. मालाडचा दीर म्हणतो, "वहिनी, कंपनी बदला, आम्ही बदलली." एक सोलरवाला रोज चक्कर मारतो आणि म्हणतो, "घर आणि गिरणी एकाच पॅनलवर चालवून देतो, सबसिडीसकट." आणि दळण न्यायला येणारे एक गिऱ्हाईक एमआयडीसीत मोठ्या कारखान्यात आहेत, ते म्हणतात, "आमची कंपनी बाहेरून वीज विकत घेते, तुम्ही पण घ्या की."

यातलं मला काय लागू आहे? आणि या तिघांनी न सांगितलेलं काही आहे का?

---

निवृत्त बिलिंग

ताई, कंपनी बदलण्यापासून सुरू करू, कारण तो विषय लवकर संपतो.

२००३ च्या वीज कायद्यात एका भागात एकाहून जास्त वितरण परवाने देता येतात. अट अशी की दुसऱ्या परवानाधारकाने स्वतःच्या तारा, स्वतःची रोहित्रं उभारायची. आता एवढा खर्च करून तालुक्याच्या गावात कोण येणार? येईल तो जिथे बिलं मोठी आणि वसुली पक्की तिथे. २०२२ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं, त्यात एकाच जाळ्यावर अनेक विक्रेते अशी कल्पना होती. ते स्थायी समितीकडे गेलं आणि तिथेच राहिलं.

म्हणून आज सातारा, सांगली, पुणे, नाशिक, नागपूर कुठेही घरगुती ग्राहकाला विक्रेता एकच, महावितरण. ६ जून २००५ ला राज्य वीज मंडळाचं (एमएसईबी) विभाजन झालं त्यातून निघालेली कंपनी. आमच्या वयाचे लोक अजून एमएसईबीच म्हणतात.

आणि हो, भिवंडीत २००७ पासून टोरंट आहे, मालेगावातही खासगी कंपनी आहे, मग तिथे पर्याय आहे का, असं कुणीतरी विचारेलच. नाही. त्या फ्रँचायझी आहेत. बिल त्या वाटतात, वसुली त्या करतात, दर महावितरणचेच. ग्राहकाला निवड काही नाही.

---

मालाडचा दीर नव्हे पण मालाडचाच

:) मुंबईचं मी सांगतो.

मुंबईतही सगळ्यांना पर्याय नाही, ही गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. उपनगरात अदानी (२०१८ च्या आधी रिलायन्स, त्याच्या आधी बीएसईएस) आणि टाटा असे दोन आहेत. शहर भागात बेस्ट. मुलुंड-भांडुपकडे महावितरण. आमच्या पट्ट्यात जी मजा आहे ती जुलै २००८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे, की टाटा किरकोळ ग्राहकांनाही वीज विकू शकते. मग ऑक्टोबर २००९ मध्ये वीज नियामक आयोगाने दुसऱ्याच्या तारांवरून ग्राहक घ्यायची मुभा दिली.

दोन प्रकार आहेत. 'चेंजओव्हर' म्हणजे तार जुन्याच कंपनीची, वीज आणि बिल नव्या कंपनीचं. 'स्विचओव्हर' म्हणजे तारसुद्धा नवी. चेंजओव्हरमध्ये जुन्या कंपनीला तार वापरल्याचा वहन आकार द्यावा लागतो, वर क्रॉस सबसिडी अधिभार (स्वस्त दराच्या ग्राहकांची तूट भरून काढायला घेतात तो). म्हणजे नुसता युनिटचा दर बघून उडी मारली की गणित फसतं. आमच्या इमारतीत शेजारी-शेजारी दोन फ्लॅट, एकाला बदलून फायदा झाला, एकाला काहीच नाही, कारण एकाचा वापर महिना ६०० च्या वर आणि दुसऱ्याचा दीडशे. कुठल्या स्लॅबमध्ये कोण स्वस्त हे दर-आदेशागणिक (आयोग दर ठरवतो तो आदेश) बदलतं. बदलायच्या आधी जुनी थकबाकी शून्य करावी लागते. आणि तार जळली तर शिडी घेऊन येणारा माणूस तार ज्याची त्याचाच असतो, बिल कुणाचंही असो.

त्यामुळे दीर खरं बोलतोय, फक्त त्याचा पिनकोड वेगळा आहे.

---

गप्पिष्ट

"पिनकोड वेगळा आहे" ला +१

---

निवृत्त बिलिंग

आता पुढचं. विक्रेता बदलता येत नाही म्हणून लोक समजतात आपल्या हातात काहीच नाही. तीस वर्षं बिलं बघितली त्यावरून सांगतो, लोकांचे जास्त पैसे जातात ते दर संकेत चुकीचा असल्यामुळे, नाहीतर मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज खेचायची परवानगी) चुकीचा असल्यामुळे.

ताई, दोन्ही बिलं समोर घ्या. ग्राहक क्रमांकाच्या खालच्या भागात 'दर संकेत' आणि 'मंजूर भार' असे रकाने असतात. गिरणीच्या बिलावर दर संकेतात काय आहे? एलटी दोन म्हणजे वाणिज्यिक, एलटी पाच म्हणजे औद्योगिक. पिठाची गिरणी, डाळ गिरणी, मसाला गिरणी या औद्योगिकमध्ये येतात. वाणिज्यिकचा युनिट दर जास्त, आणि त्यावर वीज शुल्कही जास्त. शुल्क घरगुतीला १६ टक्के, वाणिज्यिकला २१ टक्के, औद्योगिकला ७.५ टक्के. म्हणजे चुकीच्या रकान्यात बसलात की दोन्हीकडून मार.

नवीन जोडणीच्या अर्जावर 'दुकान' असं लिहिलेलं असतं आणि पुढे तेच चालू राहतं, असं मी कितीदा पाहिलंय. बदलून घ्यायला अर्ज करावा लागतो, पाहणी होते, झालं.

---

कांडपवाली

बघितलं. गिरणीवर एलटी पाच आहे, हुश्श. मंजूर भार १३ किलोवॅट दाखवतंय. आमच्या मोटारी १० एचपी आणि साडेसात एचपी.

---

निवृत्त बिलिंग

मग बरोबर आहे. साडेसतरा एचपी म्हणजे १३ किलोवॅटच झाले (एक एचपी = ०.७४६). २० किलोवॅटच्या आत आहात तोवर स्थिर आकार (वापर कितीही असो, दरमहा भरायचा) जोडणीमागे ठरावीक असतो. २० च्या वर गेलात की तो केव्हीएवर (भार मोजायचं दुसरं एकक) लागतो. तिसरी मोटार घ्यायचा विचार असेल तर ही रेघ डोक्यात ठेवा.

---

शिवणयंत्र

माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे पण याच धाग्यात बसतो. मी घरातच ब्लाऊज-ड्रेस शिवते, दोन मोटारची मशिनं, एक इस्त्री. सोसायटीतले एक काका सारखे घाबरवतात की धंदा करता तर कमर्शियल मीटर घ्या, नाहीतर धाड पडेल. बिल महिन्याला १८०-२०० युनिट येतं.

---

निवृत्त बिलिंग

काकांना सांगा, दर-आदेशातली घरगुती वर्गाची व्याख्या पूर्ण वाचा. राहत्या घराच्या काही भागात धंदा किंवा लहान उद्योग करणाऱ्याचा वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर त्याला घरगुती दरच लागू होतो. ही तरतूद बऱ्याच वर्षांपासून आहे. शिवणकाम, घरगुती शिकवण्या, पापड-लोणची करणाऱ्या बायकांना हे माहीतच नसतं आणि त्या उगाच वाणिज्यिक मीटर घेऊन बसतात.

वर्ष संपलं की एकूण वापर मोजला जातो. ३,६०० च्या वर गेलात तर आधी कळवून पुढे दर बदलतात. म्हणून मार्चचं बिल आलं की बारा महिन्यांची बेरीज करून ठेवायची. बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख असतोच.

मात्र 'राहतं घर' ही अट आहे. रस्त्याला उघडणारा गाळा वेगळा घेतला आणि घराच्या मीटरवरून वायर ओढली, तर ही सवलत नाही. मग ते वीज कायद्याच्या कलम १२६ मध्ये जातं. मंजुरी एका कामाची आणि वापर दुसऱ्या कामाला, याला कायद्यात अनधिकृत वापर म्हणतात. आकारणी लागू दराच्या दुप्पट, आणि कधीपासून चालू आहे हे ठरवता आलं नाही तर पाहणीच्या आधीचे सरसकट १२ महिने धरतात. शेतीपंपाच्या लाईनवर हॉटेलचं बोर्ड पेटवणारे यातच सापडतात.

---

शिवणयंत्र

केवढं हलकं वाटलं! वाचनखूण साठवली. काकांना प्रिंट काढून देते.

---

उन्हाळी

सोलरवर मी लिहितो. घरावर ३ किलोवॅट आहे, कोल्हापूर.

आधी कांडपवाली ताईंच्या सोलरवाल्याबद्दल. "घर आणि गिरणी एकाच पॅनलवर" हे वाक्य ऐकलं की त्याला चहा पाजून रवाना करा. नेहमीचा सोलर एका मीटरमागे लागतो. घराच्या मीटरवर अनुदान घेऊन बसवलेल्या पॅनलची वीज गिरणीकडे वळवली तर वर सांगितलेलं कलम १२६ समोर उभं. पंतप्रधान सूर्यघर योजनेचं अनुदान फक्त घरगुती जोडणीला आहे.

अनुदानाचे आकडे: पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. पाच बसवा नाहीतर दहा, ७८,००० च्या पुढे जात नाही. पॅनलमधले सेल भारतात बनलेले असावे लागतात आणि बसवणारा योजनेच्या अधिकृत यादीवरचा असावा लागतो. पॅनल बसवून, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा) लागून, तपासणी झाल्यावर अनुदान तुमच्या खात्यात येतं. "आम्ही अनुदान आधीच वजा केलंय" म्हणणाऱ्याकडून कोटेशनमध्ये पूर्ण किंमत आणि अनुदान वेगळं लिहून घ्या.

किलोवॅटला दिवसाला साधारण ४ युनिट धरा, महिन्याला १२०. पावसाळ्यात याहून बरंच कमी, मार्च-एप्रिलला जास्त. जागा किलोवॅटला १०० चौरस फूट, सावली नसलेली. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीनला कुठे पडते हे स्वतः गच्चीवर उभं राहून बघा, कोटेशन देणारा सकाळी अकराला येऊन जातो.

किती किलोवॅट घ्यायचे यात बहुतेकांची गफलत होते. घरगुती दर पायऱ्यांचा असतो: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, ५०० च्या वर. सोलरचं युनिट तुमच्या बिलातलं सगळ्यात वरचं, म्हणजे सगळ्यात महाग युनिट आधी खातं. तळातली पहिली १०० युनिटं तशीही स्वस्त. त्यामुळे ३०० युनिट वापरणाऱ्याला २ किलोवॅट (महिना २४० युनिट) बरेचदा पुरतात. तिसरा किलोवॅट मुख्यतः स्वस्त युनिटं वाचवतो आणि त्याला अनुदानही कमी. मी ३ घेतले कारण घरात दोन एसी आहेत.

आणि 'बिल शून्य' होत नाही. स्थिर आकार राहतोच.

---

चिकित्सक

@उन्हाळी, एक उपप्रश्न. ३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो ना? मग ३०० च्या खाली ठेवणं हाच सोलरचा मुख्य फायदा.

---

निवृत्त बिलिंग

नाही हो, ही अफवा मी नोकरीभर ऐकली. ३०१ वं युनिट महाग झालं तर तेवढंच महाग. पहिली १०० त्यांच्या दराने, पुढची २०० त्यांच्या दराने. दोन महिन्यांचं रीडिंग एकदम आलं तरी पायऱ्या महिन्यांच्या हिशेबाने वाढवून देतात, बिल तपासताना तेवढं मात्र बघा.

आणि पायऱ्या वाचवायला घरात दोन मीटर घ्यायची युक्ती सुचवू नका कुणी. वेगळं बिऱ्हाड, वेगळं स्वयंपाकघर असेल तरच दुसरा मिळतो.

---

कांडपवाली

उन्हाळी दादा, फार उपयोगी. म्हणजे घराला २ किलोवॅट हा विचार धरते. गिरणीला वेगळा सोलर बसवला तर?

---

उन्हाळी

ताई, मला वाटतं तुमच्या बाबतीत गिरणीचाच सोलर जास्त शहाणपणाचा ठरेल, अनुदान नसलं तरी.

गिरणी दिवसा चालते. सोलर दिवसा बनतो. तुमचा हंगाम फेब्रुवारी ते मे, आणि ऊनही त्याच महिन्यांत कडक. पावसाळ्यात पॅनल थंड आणि तुमचं कांडपही थंड. बनलेली वीज जागच्या जागी संपते, ग्रिडला (महावितरणच्या तारांच्या जाळ्याला) देऊन परत घ्यायची वेळच कमी येते. घरात उलट असतं, दुपारी घरी कोणी नाही आणि वापर रात्रीचा.

नेट मीटरिंगला क्षमता मंजूर भाराच्या आत हवी, म्हणजे तुम्हाला १३ किलोवॅटपर्यंत. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला २०२४ च्या नियमांनुसार तांत्रिक अभ्यासाची भानगड नाही, तो मान्य झालेला धरतात. धंद्याच्या हिशेबात दाखवला तर आयकरात ४० टक्के दराने घसारा मिळतो, तुमच्या सीएला विचारा. पॅनलवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला, जुनं कोटेशन हातात असेल तर नवीन मागा.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, लाईन गेली की सोलरही बंद. भर उन्हात पॅनल चमकत असतात आणि गिरणी ठप्प. इन्व्हर्टर मुद्दामच बंद होतो, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसेल. बॅटरी लावली तर चालतं, पण १० एचपीची मोटार सुरू होताना जो करंट खेचते तो झेपणारी बॅटरी-इन्व्हर्टर म्हणजे गिरणीपेक्षा महाग काम.

दुसरी गोष्ट तुमच्या धंद्याची. गिरणीचं पीठ आणि मिरचीची धूळ धुराड्यातून वर जाते आणि पॅनलवर बसते. दव पडलं की त्याची खळ होते. आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्याने पॅनल धुराड्याच्या उलट्या बाजूला घेतले आणि नळी ओढून पाण्याची सोय केली, सकाळी ऊन तापायच्या आत धुतो. तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही.

---

दुसरी बाजू

सोलरचं कौतुक पुरे. आमच्याकडे एका ठेकेदाराने पॅनल बसवले, ॲडव्हान्स घेतला आणि नेट मीटरचा अर्ज भरलाच नाही. चार महिने पॅनल छतावर शोभेला.

---

उन्हाळी

म्हणून शेवटचा हप्ता नेट मीटर लागल्यावरच, हे करारात लिहायचं. अर्जाचा क्रमांक पोर्टलवर आपण स्वतः टाकून बघायचा.

---

माग आणि धागा

इचलकरंजी. बाहेरून वीज घेण्याबद्दल मी लिहितो, कारण आमच्या औद्योगिक वसाहतीत यावर दोन वर्षं बैठका चालल्या.

याला 'ओपन ॲक्सेस' म्हणतात. आधी १ मेगावॅट भाराची अट होती, म्हणजे मोठे कारखानेच. जून २०२२ च्या हरित ऊर्जा नियमांनी ती १०० किलोवॅटवर आणली, पण फक्त सौर, पवन अशा अक्षय विजेसाठी. एकाच वीज विभागात एकाच मालकाच्या अनेक जोडण्या मिळून १०० होत असतील तरी चालतं. कांडपवाली ताईंचे १३ किलोवॅट आहेत. तिथेच विषय संपला.

पण वाचणाऱ्यांत कुणाचा आईस फॅक्टरी, कोल्ड स्टोरेज, प्रोसेस हाऊस असेल तर पुढे वाचा. सोलर पार्कवाला जो दर सांगतो तो पार्काच्या दारातला. त्यावर पारेषण आकार, वहन आकार, वाटेतली गळती, क्रॉस सबसिडी अधिभार, अतिरिक्त अधिभार. सगळं चढवल्यावर किती उरतं ते बघायचं. 'ग्रुप कॅप्टिव्ह' (वापरणाऱ्यांनी मिळून भागीदारीत घेतलेला प्रकल्प) मध्ये क्रॉस सबसिडी अधिभार लागत नाही, आणि अतिरिक्त अधिभारही लागत नाही असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये सांगितलं. पण त्यासाठी वापरणाऱ्यांकडे मिळून प्रकल्पाचे किमान २६ टक्के भागभांडवल हवं आणि वर्षाच्या विजेपैकी किमान ५१ टक्के त्यांनी वापरायला हवी. मंदीत माग बंद पडले की ही ५१ टक्क्यांची अट गळ्याशी येते. आमच्या बैठका तिथेच अडल्या. मी स्वतः बाहेर राहिलो, यंत्रमागाचा दर वेगळा आहे आणि सरकारची सवलतही आहे.

डिझेल जनरेटर कुणी पर्याय म्हणून सांगेल तर: लिटरला ३ ते ३.५ युनिट निघतात. डिझेलचा भाव तुम्हाला माहीत आहे. लाईन गेल्यावर माल खराब होऊ नये एवढ्यापुरताच तो ठीक.

---

सेक्रेटरी (नाइलाजाने)

सोसायट्यांबद्दल कोणीच बोललं नाही. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे यांचं मीटर घरगुती दरात असतं, पण वापर इतका की सगळं ५०० च्या वरच्या पायरीत. म्हणजे उन्हाळी म्हणतात तसं, सगळ्यात महाग युनिटं. सामायिक वापराच्या सोलरला सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० अनुदान आहे. आमच्याकडे गच्ची वॉटरप्रूफिंगवरून भांडण झालं आणि विषय बारगळला. आधी वॉटरप्रूफिंग, मग पॅनल, हा क्रम पाळा.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी: २०२४ पासून चार्जिंगला वेगळी जोडणी मागता येते. सोसायटीच्या मीटरवरून रात्री गुपचूप वायर टाकू नका हो. मला रात्री बारा वाजता पार्किंगमध्ये उतरावं लागतं.

---

भाड्याची खोली

मी पुण्यात भाड्याने राहतो. घरमालकाने सबमीटर लावलाय आणि सरसकट युनिटला १२ रुपये घेतो. मी ८० युनिट वापरतो. माझ्यापुढे पर्याय काय?

---

निवृत्त बिलिंग

कायद्याच्या कलम ४३ मध्ये जागेचा 'मालक किंवा ताबेदार' असे शब्द आहेत. म्हणजे नोंदणीकृत भाडेकरार दाखवून तुम्ही स्वतःच्या नावावर जोडणी मागू शकता. ८० युनिटला तुम्ही पहिल्या पायरीतच बसाल. मालक कटकट करणार हे गृहीत धरा. मालकाचं मूळ बिल मागून, त्याची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट असा दर ठरवा, हा मधला मार्ग बहुतेक ठिकाणी चालतो.

गाळा किंवा खोली विकत घेणाऱ्यांनी आधीच्या माणसाची थकबाकी बघून घ्या. मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नियमात तरतूद असेल तर जागेची जुनी थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते. आपल्याकडे वारस सोडून इतरांना ती सहा महिन्यांपुरती मर्यादित आहे. पण सहा महिन्यांचं वाणिज्यिक बिलही थोडं नसतं.

---

चिकित्सक

आणि ते स्मार्ट मीटरचं? आमच्याकडे बदलून गेले, तेव्हापासून रीडिंग पळतंय असं सगळे म्हणतात.

---

निवृत्त बिलिंग

'म्हणतात' वर जाऊ नका, मागणी करा. वीज ग्राहक हक्कांच्या नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ग्राहकाने रीडिंगची तक्रार केली तर पाच दिवसांत जोडीला दुसरा मीटर लावून किमान तीन महिने दोन्हींचं रीडिंग ताडून बघायचं असतं. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

प्रीपेडचं भूत मात्र डोक्यातून काढा. जून २०२४ मध्ये सरकारने सामान्य ग्राहकांना प्रीपेड लावणार नाही असं जाहीर केलं. आता लागतात ते वेळेनुसार नोंद ठेवणारे टीओडी मीटर. पूर्वी उद्योगांना रात्री १० ते सकाळी ६ सवलत असायची, आता सोलरमुळे दिवसाची वीज भरपूर झाली म्हणून सवलत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ कडे सरकली. घरात गिझर, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटार सकाळी नऊनंतर लावायची. कांडपवाली ताईंना यात काही करावं लागणार नाही, त्यांची गिरणी त्याच वेळेत चालते.

फक्त सोलर आणि टीओडी दोन्ही असलेल्या जोडणीवर दिवसा बनलेलं युनिट कुठल्या तासांच्या वापरातून वजा होतं, हे चालू दर-आदेशात वाचून मगच क्षमता ठरवा. रात्री चालणाऱ्या धंद्याचं अख्खं गणित त्या एका परिच्छेदावर अवलंबून आहे.

---

गप्पिष्ट

अवांतर: कागदी बिल बंद केलं की बिलामागे १० रुपये सूट, आणि बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरलं तर १ टक्का. सोलर नको, वाद नको. एवढं तरी घ्या.

---

कांडपवाली

सगळ्यांचे आभार. मी ठरवलं ते लिहून ठेवते, कुणाला चूक वाटलं तर सांगा.

कंपनी बदलणं आमच्याकडे नाही. बाहेरची वीज १३ किलोवॅटला नाही. घराचा सोलर या वर्षी नाही, आधी गिरणीचा, ८ ते १० किलोवॅट, धुराड्याच्या उलट्या बाजूला. त्यासाठी यादीवरच्या दोघातिघांकडून लेखी कोटेशन मागवतेय, शेवटचा हप्ता नेट मीटरनंतर. रोज चक्कर मारणाऱ्या सोलरवाल्याला "दोन मीटर एका पॅनलवर" हे लेटरहेडवर लिहून द्या म्हटलं, तेव्हापासून तो आलेला नाही.

एकच शंका उरली. सुरक्षा ठेव म्हणून गिरणीला आत्ता मोठी रक्कम मागितली आहे, बिलासोबत वेगळा कागद आलाय. हे काय नवीन?

---

निवृत्त बिलिंग

नवीन नाही, २०२१ च्या पुरवठा संहितेपासून आहे. आधी ठेव एका महिन्याच्या सरासरी बिलाएवढी असायची, आता मासिक बिल असलेल्यांना दोन महिन्यांची. मागच्या वर्षाच्या सरासरीवर काढतात, त्यात तुमचा मिरचीचा हंगाम धरला गेला. रक्कम बुडत नाही, जोडणी बंद केली तर परत मिळते आणि दरवर्षी तिच्यावर व्याज बिलात जमा होतं. जमा झालंय का तेवढं एप्रिल-मेच्या बिलात बघा.

सोलर लागून वर्षभराचा वापर खाली आला की सरासरीही खाली येईल, तेव्हा जादा ठेव परत मागायचा अर्ज करा. आपोआप कोणी देत नाही.